खोलीपेक्षा मोठा घुमारा

१

मॅलकी शाळेची बस चालवायचा, म्हणून आमचं काम सकाळी साडेनऊला सुरू व्हायचं आणि दुपारी दोनला संपायचं. पोरांना शाळेत सोडून तो बस तशीच घेऊन यायचा, डेअरीच्या अंगणात लावायचा आणि सरळ ड्रमवर जाऊन बसायचा. दोनच्या ठोक्याला उठून पोरं आणायला जायचा. हेवी मेटल वाजवणारे बाकीचे बँड रात्री-अपरात्री काम करत असतील. आमचा चौथा अल्बम मात्र शाळेच्या वेळापत्रकावर झाला.

बँडचं नाव मेहल. आमच्या आयरिशमध्ये मेहल म्हणजे सावड. आज सगळ्यांनी मिळून एकाचं गवत कापायचं, उद्या दुसऱ्याचं. परदेशातल्या लोकांना वाटतं, यांना 'मेटल' नीट लिहिता येत नाही. वाजवणारे तिघंच. टाइग गिटारवर, त्याची धाकटी बहीण ब्रोना बास वाजवते आणि गाते, आणि मॅलकी ड्रमवर. मी कोनल. ध्वनिमुद्रण माझ्याकडे. मला एकही वाद्य वाजवता येत नाही, पण पंधरा वर्षं त्यांच्याबरोबर काढल्यामुळे लोक आम्हाला चौघं म्हणूनच मोजतात.

ही डेअरी लॉख ॲलन तळ्याच्या वरच्या अंगाला आहे. बंद पडून पंचवीसेक वर्षं झाली. तिचे शेवटचे व्यवस्थापक पॅकी मॅकमॉरो. बंद पडल्यावर इमारत त्यांनीच ठेवून घेतली, आणि त्या फेब्रुवारीत ती आम्हाला वापरायला दिली. जिथं दुधाचे कॅन वजन करायचे ती मोठी खोली आम्ही वाजवायला घेतली. मोठी म्हणजे काय, आठ पावलं लांब, सहा पावलं रुंद. खांद्यापर्यंत पांढऱ्या फरशा, वर चुना, आणि छत इतकं बुटकं की टाइग गिटार गळ्यात घालताना हात वर करायचा नाही. तिला लागून पॅकींचं जुनं ऑफिस. मधे जाड काच, कारण शेतकरी दुधात पाणी घालतात का ते पॅकींना खुर्चीतून बघायचं असे. माझी यंत्रं मी त्या काचेच्या मागे मांडली.

नवी खोली असली की मी रोज सकाळी तिच्या मधोमध उभा राहून एकदा टाळी वाजवतो. टाळीचा घुमारा किती वेळ टिकतो त्यावरून खोली कळते. इथं तो एक सेकंद टिकायचा. दमट हवा असली तर सव्वा.

दोन आठवड्यांत ड्रम आणि गिटार झाले. तिसऱ्या आठवड्यात ब्रोनाचं गाणं सुरू केलं. पहिल्या गाण्याचा शेवटचा सूर ती लांब ओढते आणि एकदम तोडते. तिनं तो तोडला. मी थांबवायच्या बटणावर बोट ठेवलं, आणि ते दाबलं नाही, कारण सूर अजून संपलाच नव्हता. काचेपलीकडे ब्रोना तोंड मिटून उभी होती. माझ्या हेडफोनमध्ये तिचा सूर घुमत होता. मी सवयीनं मोजलं. चार सेकंद.

२

माझ्या उजव्या कानात कायम एक बारीक शिटी वाजत असते. वीस वर्षं कर्ण्यांपुढे उभं राहिल्याची ती कमाई आहे. त्यामुळे पहिला संशय मी स्वतःवर घेतला. हेडफोन उलटे घातले. डाव्या कानानं ऐकलं. चार सेकंद.

मग वायरी बघितल्या. कुठं जुना कृत्रिम घुमारा चालू राहिलाय का ते बघितलं. सगळी यंत्रं काढली आणि माइक थेट ध्वनिमुद्रकाला जोडला. चार सेकंद, किंवा थोडं जास्तच. मग मी स्वतः आत जाऊन माइकपुढे टाळी वाजवली. एक सेकंद. मॅलकीला ओरडायला लावलं. एक सेकंद. टाइगला गायला लावलं.

"खोलीनं घुमायचंच नाकारलं असतं तर मला तिचा अभिमान वाटला असता," मॅलकी म्हणाला.

टाइगचंही एकच सेकंद.

"इंजिनिअरसाहेब, भूत शोधताय की दुरुस्ती करताय?" मॅलकीनं विचारलं. "दोनच्या आत ठरवा. माझी चौतीस पोरं थांबलेली असतात."

दुपारी पॅकी चहाची किटली आणि मनुकांचा पाव घेऊन आले. ते रोज यायचे. संगीत त्यांना आवडत नव्हतं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, पण माणसं आवडायची. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, या खोलीखाली तळघर वगैरे आहे का? पूर्वी ही जागा मोठी होती का?

"तळघर? अरे, खाली खडक आहे. मोरी खणायला आम्हाला सहा आठवडे लागले."

"इथं कधी काही घडलं होतं का, पॅकी?"

त्यांनी मनापासून विचार केला. "एकदा गाय आत आली होती," ते म्हणाले. "शांत गाय. आपली आपण बाहेर गेली."

ब्रोना हसायला लागली आणि हसता हसता खोकली. तो खोकला लवकर थांबला नाही. टाइगनं तिच्याकडे बघितलं, तिनं हातानं 'काही नाही' केलं, आणि चहा पिऊन आम्ही दुसरं गाणं घेतलं. त्याच्या शेवटी मी मोजलं तेव्हा साडेपाच सेकंद झाले.

३

रविवारी दुपारी बायको-मुलं चर्चहून परस्पर आजीकडे गेली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठवड्याचं सगळं काम उघडून बसलो. बाहेर ऊन होतं. दोरीवर कपडे वाळत होते. मुद्दाम अशी वेळ निवडली होती, हे आता कबूल करतो.

मी फक्त शेपटं ऐकली. प्रत्येक गाण्याचा शेवटचा सूर तुटतो तिथून पुढचं तेवढं, आवाज जमेल तितका मोठा करून. घुमारा म्हणजे काय असतो? आपलाच आवाज भिंतीवर जाऊन परत येतो. थोडा बोथट होतो, थोडा मऊ होतो. पण वय बदलत नाही त्याचं.

पहिल्या शेपटात पहिले दोन सेकंद ब्रोना होती. तिसऱ्या सेकंदाला सूर थोडा खाली बसला. चौथ्याला त्यात एक खरखर आली, जुन्या दाराच्या बिजागरीत असते तशी. दुसऱ्या गाण्यात ती खरखर आधीच सुरू झाली. चौथ्या गाण्याच्या शेवटी नऊ सेकंद होते, आणि त्यातले शेवटचे पाच सेकंद गाणारी बाई ब्रोना नव्हती. सूर तोच, पट्टी तीच. पण कुणी वयस्क बाई तो धरून होती, कष्टानं, आणि नीट धरून होती. सूर सोडल्यावर तिनं श्वास घेतला. मग चपलेचं एक पाऊल वाजलं. त्या पावलाचाही घुमारा होता. ती खोली आमच्या खोलीपेक्षा खूप मोठी होती.

मी उठलो आणि बाहेर जाऊन कपडे आत आणले. ते अजून ओले होते.

सोमवारी टाइगला लवकर बोलावलं आणि काही न सांगता चौथ्या गाण्याचं शेपूट ऐकवलं. टाइग सहा फुटांवर उंच आहे, दाढी छातीपर्यंत, हातावर साप गोंदवलेले. तो ऐकता ऐकता खुर्चीत खाली बसला.

"ही आई आहे," तो म्हणाला.

त्यांची आई मी पाहिलेली नाही. मी या भागात राहायला आलो त्याच्या कितीतरी आधी ती गेली. तेव्हा टाइग चौदा वर्षांचा होता आणि ब्रोना अकराची. मला एवढंच ठाऊक होतं की ती गायींना हाक मारायची ती तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जायची, आणि शेवटी तिला घशाचा आजार झाला.

"नक्की?"

"अरे, आईचा आवाज आहे. मला विचारतोस नक्की का म्हणून?" त्यानं हेडफोन टेबलावर ठेवले, अगदी हलक्या हातानं, ते गरम असल्यासारखे. "ऑपरेशन झाल्यावर नऊ महिने ती पाटीवर लिहायची. आम्ही दोघं त्या पाटीकडे बघत मोठे झालो. मग पाटीपण थांबली. कोनल, हे बंद करू या. सामान भरू आणि दुसरीकडे कुठं तरी जाऊन गाऊ."

"ब्रोनाला काय सांगायचं?"

"काही नाही. खोली दमट आहे म्हणायचं. तिला हे ऐकवायचं नाही."

मी बरं म्हणालो. अंगणात मॅलकीची बस वळल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघं शाळेत पकडलेल्या पोरांसारखे उभे राहिलो.

४

खोली दमट आहे हे ब्रोनानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मला इथंच पूर्ण करायचंय. चार गाणी राहिलीत. मंगळवारपर्यंत."

"कुठल्या मंगळवारपर्यंत? घाई कसली आहे?" टाइगनं विचारलं.

"माझी आहे," ती म्हणाली, आणि माइकपुढे जाऊन उभी राहिली. टाइगचं तिच्यापुढे कधीच चालत नाही.

बुधवारपर्यंत आम्ही तीन गाणी घेतली. मी रोज सकाळी टाळी वाजवायचो. एक सेकंद. मग ब्रोना गायची आणि शेपूट बारा सेकंदांवर जायचं, पंधरावर जायचं. टाइग काचेच्या या बाजूला यायचाच बंद झाला. तो मॅलकीबरोबर बसमध्ये बसून राहायचा. मी एकटा ऐकायचो. मला त्या बाईची भीती वाटायची, आणि तिचा श्वास मधे अडकला की मी माझाही धरून ठेवायचो. दोन्ही एकदम कसं होतं, ते मला सांगता येणार नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ब्रोना मागच्या भिंतीवर बसली होती. खाली तळं राखाडी दिसत होतं. मी शेजारी बसलो आणि तिला अर्धं सँडविच दिलं. तिनं ते हातातच ठेवलं.

"गिळताना दुखतं," ती म्हणाली. "खोकल्याचं तू काही विचारलं नाहीस, बरं केलंस."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. गॅलवेच्या डॉक्टरनं बघितलं. स्वरतंतूवर गाठ आहे. काढायला हवी, लवकर. मी दोनदा तारीख पुढं ढकलली. आता येता मंगळवार."

"मग जा ना."

"एका बाजूचा तंतू बहुतेक सगळाच जाणार. आवाज राहील की नाही ते सांगता येत नाही म्हणाला. चांगला होता बिचारा, खोटं बोलला नाही." तिनं सँडविचचा एक कोपरा तोडून पाखरांना टाकला. "मला अल्बम पूर्ण करायचाय, कोनल. परवापर्यंत जायचं मनात होतं, पण मंगळवारी मी जाणार नाहीये. आईनं ऑपरेशन करून घेतलं. तिला काय मिळालं? नऊ महिने आणि पाटी. मी जितके दिवस आहे तितके आवाजासकट राहीन."

मी म्हणालो, "टाइगला माहीत आहे?"

"वेडा आहेस का? तो रडेल. त्याची दाढी वाळायला दोन दिवस लागतात."

मग ती उतरली, हात झटकले आणि सहज म्हणाली, "ते शेवटचं घुमणं मात्र छान घातलंयस. पहिल्या दिवसापासून ऐकतेय हेडफोनमध्ये. मला वाटलं होतं तू कापशील."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिनंही माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"ते तू यंत्रानं घातलेलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

५

शेवटचं गाणं गुरुवारी घेतलं. ते संथ होतं. ड्रम नाही, गिटार नाही, नुसती बास आणि ब्रोना. दोन कडवी लिहून झाली होती. तिसरं तिला सुचलं नव्हतं. तिथं ती नुसती गुणगुणणार होती. मी म्हणालो होतो, हे गाणं सोडून देऊ. ती म्हणाली, "एवढं कळल्यावर सोडू?"

दुपारचे बारा वाजले होते. टाइग आणि मॅलकी बाहेर कर्णे बसमध्ये चढवत होते आणि कुठून चढवायचे यावरून भांडत होते. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन येऊन फरशांवर पडलं होतं, इतकं स्वच्छ की काचेत मला माझाच चेहरा दिसत होता आणि त्याच्या आरपार ब्रोना.

तिनं दोन कडवी गायली. आवाज दोन ठिकाणी फाटला. तिनं थांबवलं नाही. तिसऱ्या कडव्याच्या जागी गुणगुणली, बास खाली नेत नेत शेवटच्या तारेवर आणली आणि हात ठेवून ती बंद केली.

मी मोजायला लागलो. दहा. पंधरा. सूर खरखरीत झाला, खाली बसला. वीस. ब्रोना हेडफोनवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून, तोंड मिटून उभी होती. पंचवीस सेकंदांनंतर मी मोजणं सोडलं, कारण त्या बाईनं नवा श्वास घेतला आणि ती शब्द गाऊ लागली.

ते तिसरं कडवं होतं. ते मी इथं लिहिणार नाही, ते माझं नाही. एवढं सांगतो की त्यात तळं होतं, आणि कुणाची तरी वाट बघणं नव्हतं. आवाज जाड, भेगा पडलेला. वरचा सूर तिला जमत नव्हता, म्हणून ती त्याला खालून वळसा घालून जायची, आणि त्या वळशात काही तरी असं होतं की माझे हात बटणांवरून खाली आले.

मी काचेतून बघितलं. ब्रोनाच्या डाव्या हाताला एक रिकामा माइकचा स्टँड उभा होता. आम्ही तो वापरला नव्हता. त्याचा दांडा हळूच वीतभर खाली आला. एखाद्या बुटक्या झालेल्या माणसानं आपल्या उंचीला घ्यावा तसा. दांड्यावर हात होता. हिरव्या लोकरीची बाही होती. ऊन होतं, काच होती, माझा चेहरा मधे होता, हे सगळं मला मान्य आहे. एक मान किंचित वळली आणि गळ्यावर आडवी, जुनी, पांढरी रेघ दिसली. वर चेहरा असणार. मी मान खाली घातली. मला तो बघायचा नव्हता.

हेडफोनमध्ये गाणं संपलं. त्या बाईनं घसा खाकरला.

"कोनल, हे अजून एकदा घेऊ या," ती म्हणाली. "आणि ते स्टूल दे इकडे. गुडघा ऐकत नाहीये आज."

कुठं तरी खुर्ची सरकली. कुणी तरी उठलं, आणि उठताना कण्हलं. तसं कण्हत माझे आजोबा उठायचे, माझे वडीलही हल्ली तसेच उठतात. मग पावलं, सावकाश, त्या मोठ्या खोलीतून जवळ येणारी. मग काही नाही.

मी वर बघितलं तेव्हा ऊन फरशांवरून थोडं सरकलं होतं. ब्रोनानं हेडफोन काढले होते. ती काचेपाशी आली आणि तिनं बोटानं मला आत बोलावलं. मी हेडफोन काढून आत गेलो.

"टाइगला हे कोण वाटतं?" तिनं विचारलं.

"तुला कसं माहीत, त्यानं..."

"तीन दिवस तो माझ्याकडे बघत नाहीये. आई म्हणतो ना?"

"हो."

ती स्टँडपाशी गेली. दांडा खालीच होता. तिनं त्याला हात लावला नाही. "आमचा आवाज सारखा आहे, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण आई एकेचाळिसाव्या वर्षी गेली, कोनल. ही बाई सत्तरीला आली असेल. आईचा आवाज म्हातारा कधी झाला?"

मी खाली आलेल्या दांड्याकडे बघितलं.

"आणि आईनं तुला पाहिलेलं नाही. तिनं तुझं नाव कुठून घेतलं?"

बाहेर मॅलकी टाइगला म्हणत होता की गिटारवाल्यांना दारातून वस्तू नेण्याचं शिक्षण सरकारनं द्यायला हवं. ब्रोना ते ऐकत उभी राहिली. मला वाटलं ती रडेल. तिनं गळ्यावर हात ठेवला, चार बोटं आडवी, आणि तशीच बाहेर अंगणात गेली.

मी काचेतून नाही, दारातून बघितलं. तिनं भावाला सांगितलं. सगळं, गाठ, तारखा, सगळं. टाइगनं हातातला कर्णा खाली ठेवला.

"केव्हा जायचंय?" त्यानं विचारलं.

"मंगळवारी सकाळी आठला पोचायचंय."

"मी नेतो."

"तू गाडी चालवलीस तर गुरुवारी पोचू," ब्रोना म्हणाली, आणि तेव्हा टाइगच्या तोंडून हुंदका फुटला. मॅलकी दोघांकडे बघत राहिला, मग म्हणाला की सोमवारी रात्री तो बस धुऊन ठेवेल, चौघांना आरामात झोपता येईल मागं, आणि पोरांना मंगळवारी चालत जाऊ दे, त्यांना व्यायाम हवाच आहे.

६

ऑपरेशन साडेचार तास चाललं. आम्ही तिघं एका लांब बाकावर बसलो होतो. टाइगनं मला एकदाच विचारलं, "ती आई नव्हती?" मी म्हणालो, "मला माहीत नाही. ब्रोना म्हणते, नव्हती." थोड्या वेळानं त्यानं यंत्रातून तीन चहा आणले, आणि तिघांनीही ते न पिता हातात धरले.

गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. आवाजाचं आत्ताच विचारू नका म्हणाले. तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंदेखील नाही. टाइगनं घरात पाटी येऊ दिली नाही. ब्रोना फोनवर लिहायची आणि लिहिलेलं त्याच्या नाकाखाली धरायची. मॅलकी रोज संध्याकाळी जाऊन तिच्याशी फुटबॉलवरून वाद घालायचा आणि जिंकायचा. आयुष्यात पहिल्यांदाच, असं तोच सांगायचा.

मी डेअरीत एकटा बसून अल्बम पुरा करत होतो. आठही गाण्यांची शेपटं कापली. प्रत्येक सूर एका सेकंदात संपवला, त्या खोलीत संपायला हवा तसा. कापलेलं फेकलं नाही. एका कपाटात आहे. ब्रोनानं मला लिहून पाठवलं होतं, "ते आमचं अजून झालेलं नाही. आत्ता कुणाला ऐकवायचं नाही." पुढं तिनं विचारलं होतं, "त्यात टाइग आहे का? मॅलकी आहे का?"

मी तिला खरं ते उत्तर दिलं. मी शोधलं नाही. आवाज मोठा करून ऐकलं तर कळेलही कदाचित. एखादी चाकांची खुर्ची, एक खोकला, ड्रमवर टेकलेली काडी. किंवा त्या जागी नुसती शांतता. मला ते नको आहे. पॅकी एक दिवस किटली घेऊन आले तेव्हा मी तसाच हात कपाटावर ठेवून उभा होतो. ते म्हणाले, "काही हवंय का त्यातलं?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी चहा ओतला.

एप्रिलच्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, माझा फोन वाजला. पडद्यावर ब्रोनाचं नाव होतं. ती तर मेसेज करायची. मी घेतला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास होता.

"कोनल," कुणी तरी म्हणालं.

तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. ब्रोनाचा जुना नव्हता, आणि त्या बाईचाही नव्हता. पातळ, हवेनं भरलेला, कागद चुरगळल्यासारखा. एका शब्दातच दमला.

"ऐकतोय," मी म्हणालो.

"कसा आहे? खरं सांग."

मला खोटं बोलता आलं असतं. पण आमच्यात पंधरा वर्षं मी फक्त हेच काम केलंय, तिचा आवाज कसा आहे ते तिला सांगायचं.

"वाईट आहे," मी म्हणालो. "अगदीच वाईट. खाली थोडं काही तरी आहे."

पलीकडून हवेचे झटके आले. ती हसत होती.

"वेळ लागेल," ती म्हणाली.

ती छत्तीस वर्षांची होती. मी मनात वजाबाकी केली, सत्तर वजा छत्तीस, आणि ती झाल्यावर पुन्हा एकदा केली.

"लागू दे," मी म्हणालो. "तुझ्याकडे वेळ खूप आहे."